वळकट्यांमागची प्रार्थना

आई-बाबांनो, उपासना संपली की तुम्ही घाईत असता. माळेगाव बुद्रुकला परतून कोणाला कारखान्यातली पाळी गाठायची असते, कोणाला उसाला पाणी धरायचं असतं. चर्चच्या दारात उभ्या उभ्या बोलता येत नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते आहे.

परवा संडे स्कूलमध्ये मी मुलांना विचारलं, "देवाचं भय म्हणजे काय?" सात-आठ वर्षांचा एक मुलगा लगेच म्हणाला, "खोटं बोललं की देव जीभ कापतो." बाकीची मुलं हसली नाहीत. सगळ्यांनी घरी असंच काहीतरी ऐकलेलं होतं.

त्याच्या आईला मी दोष देत नाही, कारण मीही तेच केलंय. माझी मुलगी लहान असताना उठता-बसता मी तिला "देव बघतोय हं" म्हणायचे. एकदा तिच्या हातून दुधाचं पातेलं लवंडलं आणि तिनं मांजराचं नाव सांगितलं. रात्री कुटुंबप्रार्थनेच्या वेळी पोरगी कुठे दिसेना. शेवटी अंथरुणांच्या वळकट्यांमागे सापडली. "मी नाही येत. देव रागावलाय." एदेन बागेत आदाम झाडांआड लपला होता, तसं माझं लेकरू लपलं होतं. आणि त्याला तिथं मीच धाडलं होतं.

नीरा डाव्या कालव्याला आवर्तन सुटलं की आपण पोरांना बजावतो, कडेला फिरकू नका. कालव्याची भीती माणसाला लांब ठेवते आणि तिथं ती हवीच. देवाचं भय मात्र जवळ नेणारं आहे. जळत्या झुडपातून मोशेला हाक आली तेव्हा त्याला पायातल्या वहाणा काढायला सांगितलं, पळून जायला नव्हे. 130 व्या स्तोत्रात तर क्षमा आधी येते आणि भय मागून. देव क्षमा करतो म्हणून त्याचं भय धरायचं! इतकी वर्षं हे स्तोत्र म्हणत आले, पण हा क्रम माझ्या ध्यानातच आला नव्हता.

हे भय मनात नसेल तर आपण कोणासमोर उभे आहोत याचाच विसर पडतो. मग ढोलकी, टाळ्या, गाणी सगळं असतं, पण उपासना होत नाही.

या भयाचा विचार आला की शेजारच्या दौंड तालुक्यातल्या केडगावची आणि तिथल्या पंडिता रमाबाईंची मला नेहमी आठवण होते. त्यांना 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी 'सरस्वती' ही पदवी दिली होती. एवढी विदुषी, पण उतारवयात हिब्रू आणि ग्रीक अभ्यासून अख्खं बायबल मराठीत आणायला बसली. शब्दही असे शोधले की कमी शिकलेल्या बाईलाही कळावेत. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या, त्याआधी ते काम त्यांनी पुरं केलं होतं. केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात बायामुलींच्या हातून ते छापलं गेलं. देवाच्या वचनातला एक शब्दही चुकू नये म्हणून वर्षानुवर्षं जपणं आणि ते वचन गरीब बाईच्या हाती पोचावं म्हणून झटणं, या दोन्ही गोष्टी मला एकाच भयातून आलेल्या वाटतात.

तुमच्याकडे माझं मागणं छोटं आहे. रविवारी उपासनेला पाच मिनिटं आधी या आणि मुलांना शेजारी घेऊन गप्प बसा. मोबाईल नुसता सायलेंट नको, बंद करून पिशवीत टाका. आणि बाबांनो, आठवड्यात लेकरावर उगाच हात उगारला असेल तर घरच्या प्रार्थनेआधी त्याची माफी मागा. हे जड जातं, मला माहीत आहे. पण आपल्या बापालाही कोणापुढे तरी जाब द्यावा लागतो, हे त्या पोराला त्या दिवशी दिसेल.

त्या रात्री मी मुलीला ओढून बाहेर काढलं नाही. मीच वळकट्यांमागे जाऊन तिच्याजवळ बसले. आधी माझी चूक देवाला सांगितली, तिला ऐकू जाईल अशी. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग डोळे मिटून म्हणाली, "देवा, मांजर नव्हतं."