पायाखालची जमीन आणि पालकांचा हट्ट

बारावीचे निकाल लागले की कोलकात्यातील मराठी कुटुंबांपासून विदर्भातील तालुक्यांपर्यंत सर्वत्र समुपदेशकांना एकच प्रश्न विचारला जातो, तो म्हणजे संगणक अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला नाही तर मुलाचे पुढे काय होणार. ज्याला त्या विषयाची खरी ओढ आहे त्याने ती शाखा अवश्य घ्यावी. परंतु ओढ नसलेल्या मुलासाठी कर्ज काढून ती जागा मिळवणे ही पालकांची सरळसरळ चूक आहे, आणि याच घाईत खडक, माती व भूजल यांचा अभ्यास करणारे भूविज्ञान विचारातही घेतले जात नाही.

या शास्त्राची सार्वजनिक गरज कोलकात्यात ठळकपणे दिसते. या शहराचा पाया खडकावर नाही. वर मऊ चिकणमाती आणि तिच्याखाली पाण्याने भरलेल्या वाळूचे थर, म्हणजेच जलधर, अशी तेथील रचना आहे. 31 ऑगस्ट 2019 रोजी बऊबाजार भागात पूर्व-पश्चिम मेट्रोचा बोगदा खोदणारे यंत्र जलधराला भिडले, पाण्याबरोबर गाळ बोगद्यात शिरला, वरची जमीन खचली आणि दुर्गा पितुरी लेन व स्याकरापाडा लेनमधील घरांना तडे जाऊन काही घरे कोसळली. 2022 च्या मे आणि ऑक्टोबर महिन्यांत त्याच परिसरातील घरांना पुन्हा तडे गेले.

अशा जमिनीची परीक्षा करताना विंधन छिद्रात नमुना घेणारी नळी उतरवून तिच्यावर 63.5 किलो वजनाचा घण 75 सेंटिमीटर उंचीवरून पुन्हा पुन्हा सोडतात आणि नळी 45 सेंटिमीटर आत जाईपर्यंत, पहिले 15 सेंटिमीटर वगळून, ठोके मोजतात; मऊ चिकणमातीत उरलेल्या 30 सेंटिमीटरसाठी तीन-चार ठोकेही पुरतात. मोजणी यंत्रालाही करता येते, परंतु दोन छिद्रांच्या मधल्या, कोणीही न पाहिलेल्या जमिनीत काय असेल, याचा अंदाज भूवैज्ञानिकालाच बांधावा लागतो.

1851 मध्ये स्थापन झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मुख्यालय कोलकात्यातच आहे. दरडींचा अभ्यासही हीच संस्था करते. महाराष्ट्रात माळीण येथे 30 जुलै 2014 रोजी दरडीखाली दीडशेहून अधिक माणसे गेली आणि 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडी गाडली गेली. त्यानंतर बरोबर एका वर्षाने कोलकात्यात या संस्थेचे राष्ट्रीय भूस्खलन पूर्वानुमान केंद्र सुरू झाले. या संस्थेने दरडप्रवण क्षेत्रांचे नकाशे 1:50,000 या प्रमाणात केले आहेत, म्हणजे त्यांवरील एक सेंटिमीटर हा प्रत्यक्षातला अर्धा किलोमीटर असतो आणि एखादी वाडी काही मिलिमीटरांत मावते. म्हणून वस्ती हलवायची की नाही हे ठरवण्यापूर्वी कोणाला तरी तो उतार पायी तुडवून भेगा, कललेली झाडे, नव्याने फुटलेले झरे आणि कुजलेल्या खडकाची जाडी पाहावीच लागते, आणि अशी माणसे अपुरी पडणे देशाला परवडणारे नाही.

मार्ग थोडक्यात असा: बारावी विज्ञानानंतर भूविज्ञानातील पदवी, पुढे पदव्युत्तर पदवी, त्यानंतर केंद्रीय लोकसेवा आयोगाची संयुक्त भूवैज्ञानिक परीक्षा किंवा महाराष्ट्र राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा. कोलकात्यात प्रेसिडेन्सी व जादवपूर विद्यापीठांत, तर पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात हा विषय शिकवला जातो. जागा मर्यादित आहेत आणि पाच वर्षांचा अभ्यास टळत नाही, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

सर्वांत चुकीचा विरोध मुलींच्या बाबतीत होतो. डोंगरात, तंबूत राहून करायचे क्षेत्रकार्य मुलीला झेपणार नाही, असे तिला न विचारताच ठरवले जाते. जादवपूरच्या भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता आणि नागपुरात जन्मलेल्या सागरवैज्ञानिक अदिती पंत 1983 मध्ये निघालेल्या मोहिमेतून अंटार्क्टिकाला गेल्या, त्याला चार दशके उलटली. सुरक्षिततेची काळजी खरी असेल, तर पालकांनी संबंधित विभागात जाऊन शिबिरातील निवास, सोबत असणारे शिक्षक आणि वैद्यकीय सोय यांची चौकशी करावी, आणि उत्तरे समाधानकारक असतील तर मुलीच्या अर्जावर सही करावी.