टाटांची विमानसेवा : मालकी आणि उत्तरदायित्व

आकाशातून विमान जाताना दिसले की आपण मान वर करून पाहतो आणि ते कोठे चालले असेल याविषयी तर्क करतो. परंतु ते कोणाच्या मालकीचे, कोणाच्या अनुज्ञेने चाललेले आणि त्याचा खर्च कसा भागतो, हे प्रश्न सहसा आपल्या मनात येत नाहीत. येथे आम्ही त्यांचाच विचार करणार आहोत. उदाहरण म्हणून एअर इंडिया घेऊ. कारण ही एकच संस्था खाजगी, मिश्र, सरकारी आणि पुनश्च खाजगी अशा चारही अवस्थांतून गेलेली आहे.

हिचा जन्म टपालासाठी झाला. १९२९ साली इंपीरियल एअरवेज ही ब्रिटिश कंपनी लंडनचे टपाल कराचीपर्यंत आणू लागली. ते तेथून मुंबई व मद्रासकडे विमानानेच न्यावे, अशी योजना नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकाने टाटांपुढे मांडली आणि जे. आर. डी. टाटा यांनी ती उचलून धरली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी २८ वर्षांचे जे. आर. डी. पस मॉथ जातीचे एक-इंजिनी विमान घेऊन कराचीहून निघाले व अहमदाबादमार्गे मुंबईस जुहूला उतरले. अहमदाबादेस इंधनाचे डबे बैलगाडीतून आणले गेले होते! पुढे व्हिन्सेंट टपाल घेऊन मद्रासकडे निघाले आणि रात्री बेल्लारीस मुक्काम करून दुसऱ्या दिवशी तेथे पोहोचले. आपला बिदर जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता.

सरकारने या सेवेस अनुदान दिले नाही. वाहून नेलेल्या टपालाच्या वजनावर मोबदला ठरला होता. पत्रे वेळेवर पोहोचली तरच धंदा टिकणार होता. पहिल्या वर्षी विमाने सुमारे १,६०,००० मैल उडाली, प्रवासी अवघे १५५ मिळाले, तरी सुमारे ६०,००० रुपये नफा झाला. मातृभाषेने आम्ही कोकणी. परदेशी गेलेल्या माणसाच्या पत्राची घरात कशी वाट पाहिली जाते, हे आमच्या लोकांना निराळे सांगावे लागत नाही. टपाल वेळेवर येणे म्हणजे काय, हे अशा घरांनाच विचारावे.

आता विमान कंपनीच्या व्यवहाराकडे वळू. बाजारात आज न खपलेली ज्वारी उद्या विकता येते. पण विमान उडाल्यानंतर त्यातील रिकामी राहिलेली खुर्ची पुन्हा कधीही विकता येत नाही. विमान भरलेले असो वा अर्धे रिकामे असो, इंधन, वैमानिकांचे वेतन, विमानतळाचे शुल्क आणि दुरुस्ती यांचा खर्च फारसा कमी होत नाही. म्हणून जमिनीवर उभे असलेले विमान हा मालकाला भार वाटतो. तथापि ठराविक तासांच्या उड्डाणानंतर तपासणीसाठी त्यास थांबवावेच लागते. लोभ आणि सावधगिरी यांची येथे नित्य परीक्षा असते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. प्रत्येक देशाची त्याच्या भूमीवरील आकाशावर सत्ता असते. १९४४ साली शिकागो येथे ५२ राष्ट्रांनी केलेल्या करारात हे तत्त्व स्पष्टपणे नमूद आहे. दुसऱ्या देशाच्या आकाशातून जाणे, इंधनासाठी उतरणे, तेथे प्रवासी उतरवणे व तेथून आणणे, या प्रत्येक गोष्टीस अनुमती लागते. आणि नियमित सेवेचे हक्क बहुधा दोन सरकारांच्या करारांतून मिळतात. सारांश, कंपनी कितीही खाजगी असली तरी तिच्या पाठीशी राष्ट्राचे नाव उभे असते.

१९४६ साली टाटांची ही सेवा एअर इंडिया नावाची सार्वजनिक भागभांडवलाची कंपनी झाली. १९४८ मध्ये परदेशी उड्डाणांसाठी एअर इंडिया इंटरनॅशनल स्थापन झाली. तिच्यात सरकारचा वाटा ४९ टक्के होता. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. १९५३ साली कायद्याने विमानसेवा सरकारच्या मालकीची झाली. जे. आर. डी. यांना हा निर्णय मान्य नव्हता. तरीही त्यांनी सरकारी एअर इंडियाचे अध्यक्षपद स्वीकारले आणि १९७८ पर्यंत सांभाळले. मतभेद असतानाही हाती घेतलेले काम निष्ठेने कसे करावे, याचा हा धडा होय.

पुढे विशेषतः २००७ च्या विलीनीकरणानंतर तोटा वाढत गेला. अखेर २७ जानेवारी २०२२ रोजी ही कंपनी टाटा समूहाकडे परत आली. बोली १८,००० कोटी रुपयांची होती. त्यांपैकी २,७०० कोटी रोख आणि उरलेला भाग कर्जाचा भार म्हणून होता. जुन्या कर्जाचा पुष्कळसा हिस्सा सरकारकडे, म्हणजेच करदात्यांकडे राहिला. तोटा कोणाच्याही कारकिर्दीत झाला, तरी त्याची झळ कोणाला तरी सोसावीच लागते.

मालकी बदलली म्हणून संकटे टळतात असे नाही. ३ नोव्हेंबर १९५० रोजी तेच ‘मलबार प्रिन्सेस’ आल्प्समधील माँ ब्लाँ पर्वतावर आदळले व त्यातील सर्व ४८ जण गेले; तेव्हा ही कंपनी मिश्र मालकीची होती. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले विमान कोसळून, जमिनीवरील लोक धरून २६० जणांचा मृत्यू झाला. तेव्हा ती खाजगी होती.

आपल्या सीमाभागाने निजामी अंमल पाहिला, १९५६ ची राज्यपुनर्रचना पाहिली. अंमल बदलला तरी शाळेची घंटा वेळेवर वाजावी लागते आणि टपालवाल्याने दारी यावेच लागते. विमानसेवेचेही तसेच आहे. तिकीट काढणारा मनुष्य मालकाचे नाव पाहून नव्हे, तर आपण सुखरूप पोहोचू या विश्वासाने विमानात बसतो. हा विश्वास कागदावरील मालकीने मिळत नाही. वैमानिकापासून तळावर खिळा घट्ट करणाऱ्या कारागिरापर्यंत प्रत्येकाला तो रोज नव्याने मिळवावा लागतो. तुमच्यापैकी कोणी उद्या यांत्रिक होईल, कोणी हिशेबनीस, कोणी वैमानिकही होईल. काम सरकारी असो वा खाजगी, आपल्या हातून ते चोख व्हावे, एवढाच बोध या इतिहासातून घ्यावा.