परसबागेंत लीकची लागवड

ज्यांच्या घरीं कांदा पिढ्यान्‌पिढ्या पिकतो अशा शेतकऱ्याची लीक लावतांना जितकी फसगत होते, तितकी ज्यानें कधीं कांदा लावलाच नाहीं त्याची होत नाहीं. हें म्हणणें विचित्र वाटेल. पण आमचा स्वतःचा अनुभव असाच आहे. पहिल्या वर्षीं आम्हीं लीकचीं रोपें कांद्याच्या रोपांप्रमाणेंच सपाट वाफ्यांत बोटभर खोल लावलीं, कांद्याप्रमाणेंच त्यांस पाणी दिलें, आणि माघ महिन्यांत माना मोडण्याची व खालीं गड्डा धरण्याची वाट पाहत बसलों. माना मोडल्या नाहींत, गड्डाही धरला नाहीं. तेव्हां पीक जून झालें असावें असें समजून आम्हीं पाणी तोडलें. पंधरवड्यानें उपटून पाहतों तों हिरवट, चिवट दांडे हातीं आले. पांढरा भाग काय तो बुडाशीं दोन बोटें. घरांतील मंडळींनीं एक वेळ भाजी करून पाहिली, आणि उरलेले सर्व उकिरड्यावर गेले. (ते गुरांपुढें टाकले नाहींत हें बरेंच झालें. कांद्याच्या कुळांतील पाला गुरांनीं पुष्कळ खाल्ल्यास त्यांच्या रक्तांतील तांबड्या पेशी नाश पावतात, ही गोष्ट पात स्वस्त झाली म्हणजे पुष्कळांच्या ध्यानांत राहत नाहीं.) एका वाफ्याची जागा व सहा महिन्यांचें पाणी असें फुकट गेलें. आमच्या वाचकांचें तसें जाऊं नये म्हणून हा लेख.

लीक ही कांदा-लसणाच्याच कुळांतील भाजी. भूमध्य समुद्राच्या आसपास व पश्चिम आशियांत जी रानटी जात आढळते तिच्यापासून ही निपजली. रोमचा बादशहा नीरो आवाज चांगला राहावा म्हणून महिन्यांतील ठराविक दिवशीं नुसती लीक तेलांत घालून खात असे, असें प्लिनीनें लिहून ठेविलें आहे. आणि वेल्स देशाच्या लोकांनीं तर तिला आपलें राष्ट्रीय चिन्ह मानिलें आहे. परंतु शेतकऱ्यास कळावयास पाहिजे ती गोष्ट निराळीच आहे. दिवसाची लांबी व हवेंतील ऊब वाढूं लागली म्हणजे कांद्याच्या पानांचे बुडखे फुगून त्यांचा गड्डा बनतो. लीकचे बुडखे तसे फुगत नाहींत. तिच्या पानांचीं लांब आवरणें एकावर एक घट्ट गुंडाळून जो सरळ दांडा तयार होतो, तोच तिचें फळ म्हणा कीं कंद म्हणा. या दांड्याचा जेवढा भाग अंधारांत राहील तेवढाच पांढरा, कोवळा व गोडसर होतो. उजेड लागलेला भाग हिरवा व राठ होतो. पांढरा भाग दोन बोटें निघावयाचा कीं वीतभर, हें बहुतांशीं लावणाऱ्याच्या फावड्यावर अवलंबून आहे.

बीं कांद्याच्या बियासारखेंच काळें व कोनेदार असतें, आणि कांद्याच्या बियाप्रमाणेंच लवकर मरतें. आपल्या उष्ण व दमट हवेंत वर्षापेक्षां जुन्या बियाचा भरवसा धरूं नये. आम्हांस एकदां एका दुकानांतून सुंदर चित्राच्या पाकिटांत असेंच शिळें बीं मिळालें होतें. शेंकडा दहासुद्धां उगवलें नाहीं, आणि तें कळेपर्यंत पेरणीची वेळ निघून गेली. तेव्हांपासून पेरण्यापूर्वीं पन्नास बिया मोजून ओल्या फडक्यांत गुंडाळून ठेवण्याची आम्ही चाल ठेविली आहे. दहा-बारा दिवसांत तीस-पस्तीस बियांस मोड आले तर पेरावें, नाहीं तर दुसरें आणावें. ‘मसलबर्ग’ व ‘लंडन फ्लॅग’ हे जुने वाण घरगुती लागवडीस चांगले. बीं दर वर्षीं विकत घ्यावें लागतें. कारण दांडा फुटून फुलावर येण्यास या झाडास बराच काळ कडक थंडी लागते, व ती आपल्या सपाट प्रदेशांत पुरेशी मिळत नाहीं.

देशावर पेरणी भाद्रपदांत, म्हणजे ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबर संपेपर्यंत करावी. ज्या घरीं चातुर्मासांत कांदा-लसूण वर्ज्य असतो त्यांस लीकही वर्ज्यच समजली पाहिजे. पण हें पीक कार्तिकी एकादशीनंतर फार दिवसांनीं तयार होतें, तेव्हां अडचण पडत नाहीं. पावसाचें पाणी साचणार नाहीं असा गादीवाफा करून चार-चार बोटांच्या अंतरानें ओळींत, नखभर खोल बीं पेरावें व वर चाळलेलें शेणखत पसरावें. एक ग्रॅम बियांत सुमारें साडेतीनशें दाणे असतात. एका कुटुंबास तेवढें पुष्कळ झालें. रोपें आरंभीं केसासारखीं बारीक असतात व गवतांत हरवून जातात, म्हणून निंदणी हातानें व वेळचे वेळीं करावी. आठ-नऊ आठवड्यांनीं रोप पेन्सिलीएवढें जाड व वीतभर उंच झालें म्हणजे तें लावणीस आलें. त्यापूर्वीं घाई करूं नये.

आतां लावणी. सर्व पीक हिच्यावर असल्यामुळें येथें जरा विस्तारानें लिहितों. इंग्लंडांतील बागवान पहारेसारख्या दांडक्यानें सहा इंच खोल भोंक पाडून त्यांत रोप नुसतें सोडतात, माती लोटीत नाहींत, फक्त पाणी ओततात. पाण्याबरोबर थोडी माती मुळांवर बसते, आणि बाकीचें भोंक पुढें दांडा जाड होईल तसें आपोआप भरत जातें. नदीकांठच्या मळईच्या किंवा तांबड्या भुसभुशीत जमिनींत ही रीत उत्तम. पण काळ्या जमिनींत ती आम्हांस मुळींच साधली नाहीं. तेथें दांडक्याच्या दाबानें भोंकाच्या बाजू सारवल्यासारख्या गुळगुळीत होतात, ओल आटल्यावर तडकतात, आणि रोप विहिरींत लोंबल्यासारखें राहून त्याचीं मुळें उघडीं पडतात.

काळ्या जमिनींत चर खणावा. दीड-दीड फुटाच्या अंतरानें, नऊ इंच रुंद व फूटभर खोल असे चर काढून, निघालेली माती मधल्या पट्ट्यावर ठेवावी. चराच्या तळाशीं चांगलें कुजलेलें शेणखत व पोयटा मातींत मिसळून पांच-सहा इंच भर घालावी. ताजें शेण घालूं नये. मग लावणीच्या आदल्या दिवशीं पाणी देऊन, वाफसा आल्यावर चराच्या मध्यावर सहा-सहा इंचांवर रोपें दोन-तीन इंच खोल लावावींत. लावण्यापूर्वीं मुळांचीं टोंकें व पानांचे शेंडे थोडे छाटावे. लीकचीं पानें पंख्यासारखीं दोन बाजूंस फांकतात; तो पंखा ओळीच्या दिशेनें येईल असें रोप धरावें, म्हणजे पुढें माती चढवितांना पानें आड येत नाहींत. दहा फूट लांबीच्या अशा तीन ओळींत साठ झाडें बसतात. चराच्या एका तोंडास उतार ठेवून वाट काढून ठेवावी. अवकाळी पाऊस आला तर रोपें बुडून कुजतात.

लावणीनंतर तीन आठवडे चर तसाच उघडा ठेवावा. नंतर दर पंधरा-वीस दिवसांनीं दोन-दोन इंच माती चरांत ओढावी, व चर भरल्यावर तीच माती दांड्याभोंवतीं वरंब्यासारखी चढवावी. एक मर्यादा मात्र पाळावी: जेथें पानें दांड्यापासून सुटतात त्या सांध्याच्या वर माती जाऊं देऊं नये. गेली तर ती पानांच्या घड्यांत शिरते, आणि कितीही धुतलें तरी भाजी कचकच लागते. यावर उपाय म्हणून आम्ही शेवटच्या दोन वेळीं दांड्याभोंवतीं सुक्या केळीच्या पानांची पट्टी सैल गुंडाळून सुतळीनें बांधतों व मग माती लावतों. काम थोडें किचकट आहे, पण साठ झाडांस तें एका सकाळीं होतें.

पाण्याविषयीं कांद्याची संवय अजीबात विसरावी. लीकचीं मुळें उथळ असतात, व ओल तुटली कीं दांडा चिवट होतो. हिवाळ्यांत सहा ते आठ दिवसांनीं, आणि फेब्रुवारीपासून त्याहून लवकर, हलकें पाणी द्यावें. काढणीपर्यंत तें तोडूं नये. महिन्या-महिन्यानें दोनदां मूठ-मूठ कुटलेली पेंड ओळींतून टाकून माती ओढली म्हणजे वाढ जोमदार होते.

उपद्रव कांद्याचेच. फुलकिडे पानांच्या बेचक्यांत दडून रस शोषतात व पानांवर रुपेरी चट्टे पडतात. पांच टक्के निंबोळी अर्क सायंकाळीं बेचक्यांत पोंचेल असा फवारावा. मध्यें जांभळे व कडेस पिवळे असे लांबट डाग दिसल्यास तो जांभळा करपा होय. अशीं पानें काढून जाळावीं व झारीनें पानांवर पाणी घालणें बंद करावें.

दांडा अंगठ्याहून जाड झाला म्हणजे काढण्यास हरकत नाहीं. हा योग साधारण फेब्रुवारींत येतो. सर्व पीक एकदम काढण्याचें कारण नाहीं. लागतील तशीं चार-दोन झाडें काढीत जावें. मात्र उन्हाळा तापूं लागल्यावर दांडे राठ होतात, म्हणून मार्चअखेर वाफा मोकळा करावा. काढतांना ओढूं नये, ओढल्यास दांडा मातींतच तुटतो. बाजूनें खुरपें घालून बूड सैल करावें. स्वयंपाकघरांत दांडा उभा चिरून पानांच्या घड्या उलगडून धुवावा. पातीच्या कांद्याप्रमाणें पिठल्यांत, झुणक्यांत किंवा बटाट्याबरोबर पातळ कढणांत ही भाजी फार चांगली लागते. तिचा वास कांद्याहून सौम्य असतो. तिखट रश्श्यासाठीं कांदा परतून वाटण करावयाचें असेल तेथें मात्र लीकच्या वाटेस जाऊं नये. तें काम कांद्याचेंच.

ही भाजी पाहून एखाद्यास चार गुंठे लावून शहरांत पाठविण्याची उमेद येईल. तिचें गिऱ्हाईक मुख्यतः मोठीं हॉटेलें हेंच आहे. गांवच्या बाजारांत टोपली दिवसभर पडून राहते. घेणारा आधीं ठरविल्याशिवाय परसाबाहेर लीक नेऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

मोकळ्या झालेल्या चरांची माती खोल भुसभुशीत व खताळलेली असते. तींत लागलीच उन्हाळी गवार किंवा भेंडी टोकावी. कांदा, लसूण किंवा पुन्हां लीक त्या जागीं तीन वर्षें तरी घेऊं नये.