इण सुत्त आणि घरातील कर्ज

पैशाची चिंता नाही असे घर आपल्या वस्तीत शोधून सापडणे कठीण. तरीही वर्षावासातील प्रवचनांत किंवा रविवारच्या अभ्यासवर्गांत हा विषय क्वचितच निघतो. पैसा हा धम्माबाहेरचा विषय आहे, असा एक समज आपल्यात रुजला आहे. तो चुकीचा आहे. अनाथपिंडिकाला भगवान बुद्धांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली: सचोटीने व कष्टाने मिळवलेले आपल्याजवळ आहे याचे अत्थिसुख, ते उपभोगण्याचे व त्यातून पुण्यकर्म करण्याचे भोगसुख, कोणाचे लहानमोठे काहीही देणे नाही याचे आनण्यसुख आणि निर्दोष आचरणाचे अनवज्जसुख. चौथे सर्वांत श्रेष्ठ, हे खरेच. परंतु कर्ज नसणे हे त्या यादीत स्वतंत्र सुख म्हणून मोजले आहे, याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

त्याच अंगुत्तर निकायात इण सुत्त आहे. इण म्हणजे ऋण. गरीब माणूस कर्ज काढतो, कर्जावर व्याज चढते, व्याज वेळेवर दिले नाही की तगादा सुरू होतो, तगाद्याला दाद दिली नाही की पाठलाग होतो आणि शेवटी बंधन येते. या प्रत्येक पायरीला भगवंतांनी संसारी माणसाचे दुःख म्हटले आहे. पुढे हीच उपमा ते शीलाला लावतात. ज्याच्याजवळ श्रद्धा, लज्जा, वीर्य, प्रज्ञा नाही तो दरिद्री. त्याने केलेले दुराचरण हे त्याचे कर्ज. मग व्याज कोणते? ते दुराचरण कोणाला कळू नये म्हणून त्याची चाललेली लपवाछपवी, हे त्याचे व्याज.

आम्ही हे सुत्त अनेकदा वाचले होते. पण लपवणे म्हणजेच व्याज, हे शब्दशः खरे कसे ठरते ते आमच्या एका सभासदाने दाखवून दिले.

हे गृहस्थ चतुर्थ श्रेणी कर्मचारी. पत्नीच्या आजारपणात त्यांनी ओळखीच्या एका सावकाराकडून ४०,००० रुपये घेतले. दर महिना शेकडा ५. सावकाराने एटीएम कार्ड आणि पासबुक ठेवून घेतले. पगार जमा झाला की तोच २,००० रुपये व्याज काढून घेई व उरलेले हातात देई. अशी २६ महिने व्याजापोटी ५२,००० रुपये गेले आणि मुद्दल होते तेवढेच, ४०,००० रुपये, डोक्यावर राहिले. त्यांच्याच खात्यात कर्मचाऱ्यांची पतपेढी होती. तेथे सालाना ११ टक्क्यांनी, घटत्या शिलकेवर, दोन वर्षांसाठी ४०,००० रुपये घेतले असते तर हप्ता १,८६५ रुपयांच्या आसपास बसला असता. म्हणजे सावकाराच्या नुसत्या व्याजापेक्षाही कमी, आणि चोविसाव्या महिन्यात कर्ज संपले असते.

मग त्यांनी पतपेढीचे कर्ज का घेतले नाही? आम्ही विचारले तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "तिथं दोन जामीनदार लागतात, सर. दोघांना सांगावं लागलं असतं."

दोन माणसांना सांगण्याची लाज ५२,००० रुपयांना पडली. पत्नीलाही त्यांनी सांगितले नव्हते. पगार कमी का येतो, यावरून घरात रोज भांडण, रात्री झोप नाही, आणि मग गुत्त्याची वाट. सिगालोवाद सुत्तात संपत्तीच्या नाशाची जी सहा द्वारे सांगितली आहेत त्यांत मद्यपान आहेच. माणूस चिंता विसरण्यासाठी पितो आणि चिंतेचे कारण वाढवून घरी येतो.

म्हणून आमचे पहिले सांगणे असे की, एका संध्याकाळी घरातल्या मोठ्यांनी एकत्र बसावे आणि वहीच्या एका पानावर सगळी देणी लिहावीत. कोणाचे, किती, कोणत्या दराने, महिन्याला किती. दुकानदाराची उधारी, भिशी, मोबाइलवरच्या ॲपचे कर्ज, सोने तारण, काहीही वगळू नये. आनापान जरूर करावे. त्याने मन स्थिर होते, पण हप्ता फिटत नाही. वही लिहायला बसण्याइतपत मन स्थिर झाले तरी पुष्कळ झाले.

वही झाली की सर्वांत महाग कर्ज आधी फेडावे. जमल्यास स्वस्त कर्ज काढून ते बंद करावे. येथे विद्यार्थ्यांनी पुढे यावे. ज्याला टक्केवारीची गणिते येतात त्याने आईवडिलांचे कागद वाचून पाहावेत. महिना शेकडा ५ म्हणजे वर्षाला ६० टक्के, हे अनेक घरांत कोणी मोजलेलेच नसते. तीन वर्षांसाठी १ लाख रुपयांवर १२ टक्के सरळ व्याज सांगून ३,७७८ रुपयांचा हप्ता लावला, तर घटत्या शिलकेने तो दर सुमारे २१ टक्के पडतो.

तगाद्याच्या पायरीवर असलेल्यांनी भिऊन फोन बंद ठेवू नये. परवाना नसताना सावकारी करणे हा महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याने गुन्हा आहे. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे किंवा जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते. बँका व वित्त कंपन्यांच्या वसुली एजंटांनी सकाळी ८ च्या आधी व संध्याकाळी ७ नंतर कर्जदाराला फोन करू नयेत, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये बजावले आहे. आणि जीव नकोसा होण्यापर्यंत कोणाची मजल गेली असेल, तर १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांक विनाशुल्क आहे. तो फिरवावा, किंवा आमच्यापैकी कोणाच्याही दारावर रात्री-अपरात्री यावे.

सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत: एक उपभोगाला, दोन व्यवसायाला, एक अडीअडचणीसाठी राखून ठेवायला. पगारदाराला हे जसेच्या तसे जमणार नाही. घरभाडे व मुलांच्या फीमध्येच बहुतेक पगार जातो. तरी राखीव भाग शून्यावर येऊ देऊ नये. महिना ३०० रुपये का असेनात. आमच्या त्या सभासदाजवळ आजारपणाच्या वेळी १०,००० रुपये असते, तर कर्ज ३०,००० चे झाले असते.

आता थोडे आमच्याविषयी. लग्नातला मंडप, बँड, जेवणावळी यांवर आपण टीका करतो, ती योग्यच आहे. पण जयंतीची वर्गणी रकमेसह फलकावर लावणारे आम्हीच. शेजाऱ्याच्या नावापुढे १,००१ दिसले की आपल्या नावापुढे १०१ कसे लिहावे, या विवंचनेत कोणी उसने आणले असेल का, हा प्रश्न आम्ही कधी विचारला नव्हता. त्या सभासदाच्या वहीत एक ओळ होती: "जयंती वर्गणी, उसने, १,००१." ती वाचून कार्यकारिणीत कोणी काही बोलले नाही.

पुढे दोन सभासद त्यांना जामीन राहिले. पतपेढीचे कर्ज मंजूर झाले, सावकाराचे मुद्दल दिले आणि कार्ड व पासबुक परत आले. हप्ते अजून चालू आहेत. वर्गणीदारांची यादी याही अंकात शेवटी दिली आहे. यंदा नावांपुढे रकमा छापलेल्या नाहीत.