तंद्रीतलं पोर आणि भरलेलं घर

अगं, आधी जरा टेक. भाकरीचं पीठ काही पळून जात नाही. परवा फोनवर रडकुंडीला येऊन म्हणालीस ना, "ताई, सगळी पोरं जेवून उठतात आणि याचा पहिला घास हातातच असतो", तेव्हापासून तुझाच विचार करतेय. बेलापूरचं तुमचं घर म्हणजे दीर-जावा, त्यांची पोरं, सासू-सासरे, येणारे-जाणारे. त्या कालव्यात तुझा लेक पत्र्यावरच्या पावसाकडे बघत बसतो आणि तुला वाटतं, याला इथं कोण विचारणार? बघ, तू दमली आहेस म्हणून हे डोंगराएवढं दिसतंय.

तरी पहिलं काम डॉक्टरांचं, आणि त्यात टाळाटाळ नको. त्याचे कान आणि डोळे तपासून घे. ऐकू कमी येणाऱ्या पोराला घरोघरी 'तंद्रीत असतो' असंच म्हणतात. दुसरं, तो असा हरवला की जवळ जाऊन खांद्याला हात लाव. लगेच भानावर आला, तर ती नुसती तंद्री. पण बोलता-बोलता मध्येच थांबला, काही सेकंद नजर थिजली, हात लावूनही कळलं नाही, आणि दिवसातून पुन्हा पुन्हा असं झालं, तर लहान मुलांच्या डॉक्टरांना दाखव. फिट म्हणजे झटकेच यायला हवेत असं नाही गं, अशीही एक फिट असते आणि तिच्यावर चांगली औषधं आहेत. जमलं तर मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढून ने. सांगण्यापेक्षा दाखवलेलं डॉक्टरांना लवकर कळतं.

ते सगळं ठीक निघालं, की मग घराकडे वळ.

तुला आपल्याच जिल्ह्यातलं एक घर आणि तिथं आलेलं एक पोर सांगते. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, १८९० साली खानदेशात धरणगावला जन्मलेला मुलगा. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्यानं कविता म्हटली आणि तो सगळ्यांचा 'बालकवी' झाला. शाळेत 'औदुंबर' शिकलीस ना, ती त्याचीच. कवी रेव्हरंड टिळकांनी त्याला नगरला आपल्या घरी नेलं. आता ते घर कसं, तर पाहुणे, पोरकी मुलं, सतत राबता. त्याआधी तुमच्या शेजारच्या राहुरीत त्यांचं बिऱ्हाड होतं, तिथंही तीच गत. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई, त्यांची 'स्मृतिचित्रे' दुपारी चार-चार पानं वाच, तुला तुझंच घर आठवेल. एवढ्या माणसांचा रांधा-वाढा सांभाळून त्या बाईनं या परक्या, हळव्या पोरावर आईची माया केली. तुझा लेक कवी होईल असं मी म्हणत नाही. मला त्यातलं एवढंच महत्त्वाचं वाटतं, की त्या गर्दीत त्याला ओळखणारं एक माणूस होतं.

तुझ्या घरात असं माणूस कोण, ते शोध. तू तर आहेसच, पण तुला दिवसभर उसंत नसते. मला वाटतं, सासरेबुवा. संध्याकाळी ते ओट्यावर एकटेच असतात आणि त्यांना ऐकणारं कुणी हवंच असतं. त्याला रोज थोडा वेळ त्यांच्याजवळ बसू दे. मोठ्या घरात पोराला सगळ्यांचं व्हायची गरज नसते, आधी एकाचं झालं तरी पुरतं.

आणि त्याला काम दे. हो, कामच! पण बघून दे. गॅसवरच्या दुधाशी उभं करू नकोस. मळ्यात उसाच्या बाऱ्यावर तर मुळीच बसवू नकोस, पाणी शेजारच्या वावरात जाईल आणि भावजी चिडतील. असली पोरं बेध्यान नसतात गं, त्यांचं ध्यान दुसरीकडे असतं. म्हणून निरखण्याचं काम दे. वासरानं चारा खाल्ला का, शेळी आज गप्प का, कोंबड्या सगळ्या आत आल्या का. हे तो बरोबर टिपेल. ते काम त्याचं एकट्याचं, चुलत भावांपैकी कुणी करायचं नाही. आणि रात्री पंगतीत सगळ्यांसमोर त्यालाच विचार, "काय रे, शेळी कशी आहे आज?" मोठ्या तोंडाची पोरं आधी बोलून घेतात, म्हणून त्याचा प्रश्न तू राखून ठेवायचा.

सकाळची घाई मला कळते. न्हाणी एक आणि रांग मोठी. दप्तर रात्रीच भरून दाराशी ठेव. त्याला लांबून हाका मारू नकोस. जवळ जा, नाव घे, खांद्यावर हात ठेव आणि एकच गोष्ट सांग. ती झाली की दुसरी.

जाऊबाईंच्या मुलाचा पहिला नंबर आला तर मनापासून पेढा खा. पण 'वेंधळा' हा शब्द घरात बंद. सासूबाई म्हणाल्या तर चारचौघांत वाद घालू नकोस, दुपारी त्यांचे पाय चेपताना सांग. त्या ऐकतील.

एक गोष्ट मात्र मी तुझ्यापासून लपवणार नाही. बालकवी १९१८ च्या मे महिन्यात भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली गेले. अठ्ठावीस वर्षंही पुरी नव्हती. म्हणून सांगते, स्वप्नं बघू दे, पण रस्त्यावर नाही. गाळपाच्या दिवसांत श्रीरामपूर रस्त्यानं उसाच्या जोड ट्रॉल्या कशा जातात, तू बघतेसच. रस्ता ओलांडायचा तो थोरल्या चुलतभावाचा हात धरूनच, रोज, न चुकता. प्रवरेवर एकट्यानं जायचं नाही, भंडारदऱ्याचं पाणी सोडलेलं असताना तर काठालाही नाही. यात माया आड येऊ देऊ नकोस, कडक हो.

आता ऊठ, भाकऱ्या टाक. आणि डॉक्टरांची वेळ कधीची मिळाली, ते मला आजच कळव. तुला सोबत हवी असेल तर मी श्रीरामपूरला येते.