हेडफोनचा ॲम्प्लिफायर : आधी कान, मग खरेदी

ऑनलाइन वर्ग, स्पर्धा परीक्षांची व्याख्याने, गाणी या निमित्ताने घरातील मुलामुलींच्या कानांवर तासन्‌तास हेडफोन असतो. आवाज पुरत नाही म्हणून काही जण हेडफोनसाठी वेगळा ॲम्प्लिफायर घेण्याचा विचार करतात. यात पैशाबरोबर कानांचाही प्रश्न आहे, म्हणून आपण तो नीट समजून घेऊ.

ॲम्प्लिफायर विद्युत संकेताला बळ देतो. छोटा ॲम्प्लिफायर प्रत्येक मोबाइलच्या यंत्रणेत असतोच. ब्लूटूथ हेडफोनमध्ये तर तो हेडफोनच्याच आत असतो. त्यामुळे ब्लूटूथवर ऐकणाऱ्याला बाहेरच्या ॲम्प्लिफायरचा काहीच उपयोग नाही.

वायरचा हेडफोन असेल तर त्याच्या माहितीपत्रकातील दोन आकडे पाहा. पहिला ओहमचा, म्हणजे विरोधाचा. दुसरा, एका मिलिवॅटला किती डेसिबल आवाज निघतो त्याचा. नेहमीचे इअरफोन १६ ते ३२ ओहमचे आणि १०० डेसिबलच्या आसपासचे असतात. म्हणजे एका वॅटच्या हजाराव्या भागातच ते कान दुखवू शकतील इतके वाजतात. त्यांना मोबाइल पुरून उरतो. २५० ते ६०० ओहमचे स्टुडिओतील हेडफोन, किंवा ज्यांचा दुसरा आकडा ८५-९० इतका कमी आहे असे हेडफोन, यांना मात्र वेगळा ॲम्प्लिफायर लागू शकतो.

मग साध्या इअरफोनवरही आवाज कमी का वाटतो? बहुतेक वेळा भोवतालच्या गोंगाटामुळे. बसमध्ये, लोकलमध्ये, मिक्सर चालू असताना आपण नकळत आवाज वाढवत जातो. इथे कानात घट्ट बसणारा किंवा बाहेरचा आवाज रोखणारा हेडफोन उपयोगी पडतो. (रस्त्यावर चालताना मात्र तो काढून ठेवावा.) कधी इअरफोनची जाळी मळाने बुजलेली असते, ती साफ करावी. कधी कानातच मळ साचतो. तो काडीने किंवा पिनेने कोरू नये, डॉक्टरांकडून काढून घ्यावा.

शांत खोलीतही आवाज कमी वाटत असेल, कानात सतत गुंई असा नाद येत असेल, तर खरेदी थांबवा आणि श्रवणचाचणी करून घ्या. सरकारी रुग्णालयातील कान-नाक-घसा विभागात याची चौकशी करावी. ऐकू कमी येत असताना आवाज वाढवत नेला, तर उरलेली श्रवणशक्तीही धोक्यात येते. आतल्या कानातील सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा. मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबल आहे. दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी होते. म्हणून ९० डेसिबलला आठवड्याचे चारच तास उरतात, १०० डेसिबलला जेमतेम २० मिनिटे.

एक सोपी कसोटी घरीच करा. शांत खोलीत मोबाइलचा आवाज निम्म्यावर ठेवा. शब्द स्पष्ट ऐकू आले, तर ॲम्प्लिफायरची गरज नाही. हातभर अंतरावरून कोणी नेहमीच्या आवाजात बोलले आणि ते ऐकू आले नाही, तर आवाज जास्त आहे. ॲम्प्लिफायर घ्यावाच लागला, तर पहिल्यांदा लावताना आवाजाचे बटण शून्यावर ठेवा, हळूहळू वाढवा आणि तासाभराने कानांना विश्रांती द्या.