पत आणि सिबिल : विद्यार्थी व पालकांसाठी

तथागत भगवान बुद्धांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाच्या चार सुखांविषयी उपदेश केला. धन असणे, ते योग्य कामी लावता येणे, कुणाचे देणे नसणे आणि निर्दोष जीवन जगणे ही ती चार सुखे होत. त्यांपैकी तिसऱ्याला अनण सुख, म्हणजे ऋणमुक्तीचे सुख, असे म्हटले आहे. अंगुत्तर निकायातच इण सुत्त आहे. दारिद्र्यातून कर्ज, कर्जातून व्याज, व्याज थकले की तगादा, मग पाठलाग आणि शेवटी बंधन, असा क्रम त्यात सांगितला आहे. बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला हा क्रम आजही जसाच्या तसा दिसतो. फरक एवढाच की, वसुलीचा माणूस दारात येण्यापूर्वीच आपली थकबाकी संगणकात नोंदली गेलेली असते. या नोंदीलाच लोक 'सिबिल' म्हणतात.

वास्तविक सिबिल हे एका कंपनीचे नाव आहे. ती २००० साली स्थापन झाली. पतविषयक माहिती ठेवणाऱ्या कंपन्यांसाठी २००५ साली संसदेने कायदा केला. आज सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या हे काम करतात. बँका, फायनान्स कंपन्या व क्रेडिट कार्डवाले आपल्या प्रत्येक कर्जदाराची माहिती त्यांना कळवतात. पूर्वी ती महिन्यातून एकदा जात असे, २०२५ पासून ती पंधरवड्याने किंवा त्याहूनही लवकर जाते. या माहितीवरून ३०० ते ९०० यांमधील एक आकडा निघतो. साधारणपणे ७५०च्या पुढचा आकडा चांगला समजला जातो.

हा आकडा पगारावरून निघत नाही आणि बचत खात्यातील शिलकीवरूनही निघत नाही. घेतलेले कर्ज ठरल्या तारखेला फेडले की नाही, हे त्यात मुख्यतः पाहिले जाते. मोठ्या पगाराच्या अधिकाऱ्याचा आकडा घसरलेला आणि त्याच कार्यालयातील शिपायाचा उत्तम, असे सहज घडू शकते. आपल्या आजोबा-पणजोबांची पत सावकार जातीवरून आणि सातबाऱ्यावरून ठरवीत असे. या अहवालात जातीचा रकाना नाही. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. मात्र यंत्राला फक्त तारीख कळते, कारण कळत नाही. घरात आजारपण होते म्हणून हप्ता चुकला की चैनीमुळे, हा भेद ते करीत नाही.

आपल्या समाजात आज अनेक मुलांची पहिली नोंद शैक्षणिक कर्जाने होते, आणि नेमके हेच कर्ज सर्वांत जास्त दुर्लक्षिले जाते. अभ्यासक्रम संपेपर्यंत आणि त्यानंतर सर्वसाधारणपणे एक वर्ष हप्ता नसतो. त्यामुळे घरात समज होतो की, नोकरी लागल्यावर बघू. परंतु ती मुदत नोकरीवर नव्हे, तारखेवर संपते. शिवाय व्याज पहिल्या दिवसापासून सुरू असते. समजा चार वर्षांच्या शिक्षणासाठी दर वर्षाच्या सुरुवातीला एक लाख उचलले आणि व्याज दहा टक्के सरळ धरले, तर पाचव्या वर्षाअखेर चार लाखांवर एक लाख चाळीस हजार व्याज झालेले असते. मग पाच लाख चाळीस हजारांचा दहा वर्षांचा हप्ता महिना सुमारे सात हजार शंभर रुपये बसतो. पहिल्या वर्षी हेच व्याज महिना सव्वाआठशेच्या आसपास असते. शक्य असेल त्या पालकांनी शिक्षण चालू असतानाच ते भरत राहावे. व्याज अनुदानास आपण पात्र आहोत काय, हेही शाखेत जाऊन आधी विचारावे.

या कर्जात आई किंवा वडील सहकर्जदार असतात. म्हणजे मुलाचा हप्ता थकला की तो वडिलांच्या अहवालातही थकलेला दिसतो. पुढे ते घरासाठी कर्ज मागायला गेले की बँकेचा साहेब मुलाच्या कर्जाचा कागद पुढे ठेवतो. घरातल्या घरात वाद होतात ते इथूनच.

बँकेच्या परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींनी तर विशेष लक्ष द्यावे. स्टेट बँकेच्या भरतीच्या जाहिरातीत, कर्ज वा क्रेडिट कार्डची थकबाकी असणाऱ्या उमेदवाराची नियुक्ती होऊ शकत नाही, अशी अट असते. अशाच कारणावरून स्टेट बँकेने एका उमेदवाराची नियुक्ती रद्द केली, ती मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये योग्य ठरवली. त्याने कर्ज नंतर फेडले होते, तरी जुन्या नोंदी आड आल्या. दुसऱ्या बाजूने, केवळ विद्यार्थ्याचा आकडा कमी आहे म्हणून शैक्षणिक कर्ज नाकारता येणार नाही, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटले आहे. आणि ज्याने कधीच कर्ज घेतलेले नाही, त्याचे कर्ज केवळ जुनी नोंद नाही म्हणून नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेचे म्हणणे आहे. तेव्हा कोरा अहवाल म्हणजे वाईट अहवाल नव्हे. आकडा तयार व्हावा म्हणून हौसेने कर्ज घेण्याची गरज नाही.

जामिनाविषयी थोडे स्पष्ट लिहितो. आपल्याकडे 'फक्त सही कर' म्हटले की भिडेखातर माणूस सही करतो. कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच आहे, आणि त्याच्या अहवालातही ते कर्ज दिसते. मित्राला नाही म्हणणे अवघड असेल, तर निदान कर्जखात्याचा क्रमांक मागून घ्यावा आणि हप्ते जातात की नाही याची अधूनमधून चौकशी करावी.

थकलेल्या कर्जात वसुलीवाले कधी कधी 'निम्मे भरा, मिटवून टाकू' म्हणतात. ऐकायला बरे वाटते. परंतु अशा खात्यापुढे 'सेटल्ड' असा शेरा पडतो, 'क्लोज्ड' नव्हे, आणि तो पुढची अनेक वर्षे दिसत राहतो. पूर्ण रक्कम भरणे अगदीच अशक्य असेल तरच ही वाट धरावी. कर्ज पूर्ण फिटले की ना-देय दाखला घेऊन जपून ठेवावा.

मोबाइलचे हप्ते, महिला मंडळातील भगिनींची मायक्रोफायनान्सची गटकर्जे, ॲपवरून घेतलेले पाच हजार, यांचीही नोंद होते. कार्ड असेल तर मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत वापर ठेवावा. एकाच महिन्यात चार ठिकाणी अर्ज टाकू नयेत, कारण प्रत्येक बँकेची चौकशी नोंदली जाते. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने मात्र आकडा कमी होत नाही.

प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो तिच्या संकेतस्थळावरून मागवावा. ज्याला जमत नाही, त्याने शिकलेल्या मुलाला शेजारी बसवावे, पण ओटीपी कुणा दलालाला सांगू नये. पैसे घेऊन सिबिल सुधारून देतो म्हणणाऱ्यांच्या हातात खरी नोंद पुसण्याचा कोणताही अधिकार नसतो. अहवाल आला की नाव, जन्मतारीख, पॅन आणि प्रत्येक खाते तपासावे. आपल्याकडे सारखी नावे व आडनावे फार, त्यामुळे दुसऱ्याचे कर्ज आपल्या नावे आलेले असू शकते.

चूक आढळल्यास कंपनीकडे आणि संबंधित बँकेकडे लेखी तक्रार करावी. ही तक्रार निःशुल्क असते. तीस दिवसांत निकाल लागला नाही, तर त्यापुढील प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई तक्रारदाराला द्यावी लागते. हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू झाला. एवढे करूनही दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. तेथे पहिल्या तक्रारीची पोच लागते, म्हणून तक्रारीचा क्रमांक व तारीख पासबुकाच्या पहिल्या पानावरच लिहून ठेवावी.